हाका म्हटलं की मी येते

मित्रांनो, चुलीमागच्या उबदार कोपऱ्यात, अंग विटकरी आणि कपाळावर पांढरा भोवरा, अशी जी म्हातारी बसलेली दिसते ना, ती मी. जातीने गिनिपिग. दात अजून शाबूत आहेत, देवाची दया. कान मात्र सुरकुतले आहेत आणि झोप फार येते. आज झोपायचं म्हटलं तरी जमत नाही, कारण घरात एक नवी पाहुणी आली आहे. ती पाण्याच्या रांजणामागे दडून थरथरते आहे. तिला पाहिलं आणि मला माझं सगळं आठवलं. त्याच रांजणामागे एके काळी मीही अशीच थरथरत होते.

माझा जन्म या घरातला नाही. बर्फाच्या डोंगरांपलीकडे दूर एक खोरं आहे, तिथे असुंताच्या आईच्या स्वयंपाकघरात मी जन्मले. आम्ही गिनिपिग जन्माला येतो ते डोळे उघडे ठेवून आणि अंगात केसांचा कोट घालूनच. त्यामुळे मी जगात पहिली पाहिली ती चूल, आणि पहिला ऐकला तो असुंताच्या आईचा आवाज. रोज संध्याकाळी ती लसूणघासाची पेंढी घेऊन उंबऱ्यात उभी राही आणि गाणं म्हटल्यासारखं म्हणे, "हाका, हाका, हाका!" तुम्हाला वाटेल, ही बाई हाका मारते ते ठीक, पण कुणाला? मित्रांनो, त्या खोऱ्यात आमच्या जातीचं नावच हाका. तेव्हा आम्हाला हाका मारायच्या तर 'हाका' म्हणूनच मारायच्या. आम्ही सगळ्या धावत सुटत असू आणि सगळ्यांच्या पुढे मी.

असुंताचं लग्न ठरलं. नवरा निकानोर दुसऱ्या, फार दूरच्या खोऱ्यातला. मुलगी सासरी निघाली की माहेरच्या चुलीजवळची एक गिनिपिग तिच्याबरोबर द्यायची, अशी आमच्याकडे रीत आहे. असुंताच्या आईने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मला उचललं.

"ही घेऊन जा," ती म्हणाली. "ही हाकेला ओ देते. परक्या घरात तुझ्या हाकेला ओ देणारं कुणीतरी असू दे."

असुंताने मला शालीत गुंडाळून पाठीशी बांधलं. बसच्या प्रवासात मी जिवाच्या आकांताने ओरडत होते. ड्रायव्हर मान वळवून म्हणाला, "मागे कुणाचं इंजिन कुरकुरतंय रे?"

"माझं नाही," असुंता म्हणाली. "माझ्या नवऱ्याचं पोट असेल."

सगळी बस हसली. निकानोर टोपीत तोंड लपवून बसला. अशी होती आमची असुंता. बोलण्यात कुणाला हार जायची नाही.

सासरचं स्वयंपाकघर अंधारं आणि उबदार होतं. चुलीच्या ओट्याखाली जुन्या गिनिपिगांचा मोठा कबिला नांदत होता. त्यांच्यात सर्वांत थोरली काळीपांढरी, थेट मठातल्या ननसारखी दिसायची, म्हणून घरात तिला मोठ्या सिस्टर म्हणत. मोठ्या सिस्टरांनी माझ्याकडे पाहून दात वाजवले. आमच्यात दात वाजवणं म्हणजे 'पुढे पाऊल टाकशील तर बघ' असा अर्थ होतो.

घरच्या कारभारीण म्हणजे असुंताच्या सासूबाई, सातुर्निना. जाड वेण्या, पुढचे दोन दात गेलेले, बोलणं मोजकं. सातुर्निनाबाईंचा एक नेम होता. पहाटे संत अंतोनियोच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची, पहिला घास जमिनीला द्यायचा, मग चुलीखालच्या मुक्या जिवांना चारा घालायचा, आणि त्यांच्यातल्या शेवटच्याने तोंड हलवलेलं पाहिल्याशिवाय स्वतः घोटभर पाणीही प्यायचं नाही. संध्याकाळीही तेच. हा नेम त्यांनी तापातसुद्धा मोडला नव्हता.

पहिल्याच संध्याकाळी नव्या सुनेला बघायला माणसं जमली होती. लग्नात वधूवरांचे पालक म्हणून उभे राहिलेले धर्मपिता एलियोदोरो मानाच्या जागी बसले होते. शेजारीण अपोलोनिया आली होती. सगळ्यांच्या हातात गरम सूप. असुंताने मला शालीतून खाली सोडलं आणि मी भेदरून रांजणाकडे पळाले. तशी ती काळजीने ओरडली, "हाका! हाका!"

आता गंमत ऐका. इकडच्या बोलीत 'हाकू' म्हणजे 'चला, निघूया'. लोकांना वाटलं, नव्या सूनबाई 'चला, चला' म्हणताहेत. एलियोदोरोंनी वाडगा खाली ठेवला आणि डोक्यावर हॅट चढवली. बायकांनी शाली सावरल्या. सातुर्निनाबाईसुद्धा अर्ध्या उठल्या.

"कुठे जायचंय?" एलियोदोरो म्हणाले. "सूप तरी संपवू द्याल की नाही सूनबाई?"

"अगं बाई!" अपोलोनिया पोट धरून हसली. "पहिल्याच दिवशी सासूला घराबाहेर काढायला निघाली की ही!"

हसण्याचा असा गलका उठला की चुलीवरची झाकणं वाजली. माणसं वाईट नव्हती, पण असुंता लाल झाली. सातुर्निनाबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "इथे हिला कुई म्हणतात, पोरी."

त्या दिवसापासून 'हाका' हा शब्द असुंताच्या ओठांवर आला नाही. नुसता तोच नाही, हळूहळू सगळेच शब्द कमी झाले. आपल्या माहेरचा एखादा शब्द निसटेल आणि पुन्हा हसं होईल, या धास्तीने ती मान हलवून हो म्हणे आणि मान हलवून नाही म्हणे. निकानोर रस्त्याच्या कामावर दूर जाई आणि अधूनमधून घरी येई. त्याला वाटे, बायको थकली असेल.

आणि मी? संध्याकाळी सातुर्निनाबाई उंबऱ्यात येऊन "कुई, कुई, कुई!" म्हणत, तेव्हा सगळा कबिला धावे आणि मी रांजणामागे बसून राही. कुई म्हणजे कोण, मला काय ठाऊक! मला वाटे, ही बोलावणी दुसऱ्या कुणाला आहेत. आपली हाक येईल तेव्हा आपण जाऊ. ती येतच नव्हती. पुढे जायचा धीर केलाच तर मोठ्या सिस्टर दात वाजवत. असुंताने काय कमी केलं! कच्च्या विटा रचून मला वेगळा आडोसा केला. सिस्टरांच्या बिछान्यातलं जुनं गवत माझ्या अंगाला चोळलं, म्हणजे माझा वास त्यांच्यासारखा यावा. पण हे सगळं मुक्यानेच. मला घास जाईना. सगळी पांगल्यावर मी कधीतरी एखादी काडी चावे, आणि तोवर सातुर्निनाबाई चुलीपाशी उपाशी ताटकळत. नेम तो नेम.

"कोमाद्रे, ती बहिरी आहे," अपोलोनिया त्यांना म्हणाली. त्या दोघी एकमेकींना कोमाद्रेच म्हणत, कारण अपोलोनियाच्या मुलाच्या सातुर्निनाबाई धर्ममाता. "एवढ्या लांबून आणली ती बहिरी! आणि सून मुकी. बरी जोडी जमली."

सातुर्निनाबाईंनी सुस्कारा सोडला. "मुका जीव उपाशी ठेवून मला घास गिळत नाही. गावच्या संताच्या सणापर्यंत बघते. रमली तर रमली. नाही तर धर्मपित्यांच्या ताटात मानाने जाईल. झुरून मरण्यापेक्षा ते बरं."

मित्रांनो, दचकू नका. आमच्या डोंगरात आम्हाला माणसं चुलीशी जपतात आणि सणाला ताटातही वाढतात. ही तिथली जुनी चाल आहे आणि आम्ही तिच्यातच वाढतो. पण मी तर अजून नीट जगलेही नव्हते! आणि असुंता चुलीपाशी बटाटे सोलत होती, तिच्या हातातली सुरी थांबली. तिच्या माहेरचं या घरात जे काही होतं, ते मीच होते.

सण उजाडला. सकाळीच एलियोदोरो मंडळींसह आले, बाकावर बसले, मक्याच्या पेयाचे पेले फिरले. सातुर्निनाबाई टोपली घेऊन मला शोधू लागल्या. मी लाकडांच्या ढिगामागच्या भेगेत शिरले होते. मग काय, सगळी पाहुणेमंडळी कामाला लागली. कुणी वाकून, कुणी गुडघ्यांवर बसून, "कुई, कुई!" एलियोदोरोंचं डोकं ओट्याला आपटलं. मी श्वास रोखून बसले.

"जाऊ दे," सातुर्निनाबाई म्हणाल्या. "बहिरीला कितीही बोलवा. लाकडं उपसा."

तेव्हा चुलीपाशी आवाज झाला. बटाट्यांची परडी खाली ठेवल्याचा.

"ती बहिरी नाही, मामिता," असुंता म्हणाली. सासूला ती याच नावाने बोलावी. सगळे वळून बघू लागले, कारण या घरात तिचं एवढं मोठं वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. "ती हाक तिची नाही. तिची हाक मला येते, पण मला लाज वाटते. मी लाजते म्हणून ती उपाशी राहते. आणि तिच्यापायी तुम्ही."

मग ती जमिनीवर बसली, शाल पसरली, डोळे मिटले आणि थेट तिच्या आईच्या सुरात म्हणाली, "हाका, हाका, हाका!"

आणि काय सांगू! एलियोदोरोंनी पुन्हा हॅट चढवली. पाहुणे पुन्हा उठून उभे राहिले. त्या उठलेल्या पायांच्या जंगलातून, चपला आणि झग्यांच्या घेरांमधून वाट काढत मी अशी सुसाट निघाले की असुंताच्या शालीत शिरेपर्यंत थांबले नाही.

सातुर्निनाबाई खाली बसल्या. लसूणघासाची एक काडी पुढे करून, दात नसलेल्या तोंडाने चाचपडत म्हणाल्या, "हा... का?"

पाहुणे परत उठायला लागले.

"बसा हो!" त्या खेकसल्या. "तुम्हाला नाही म्हणत!"

मी मान पुढे केली आणि त्यांच्या हातची काडी टोकापासून मुळापर्यंत खाऊन टाकली. दुसरी दिली, तीही खाल्ली. सातुर्निनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे इतके दिवस मी या जिवाला परक्याच नावाने बोलावत होते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मान वर केली. "आणि पोरी, तुला? तुला तुझ्या घरी काय म्हणायचे?"

"अशूका," असुंता हळूच म्हणाली.

"अशूका," सातुर्निनाबाईंनी म्हणून पाहिलं. "मग अशूका, मला सूप वाढ. भूक लागली आहे."

धर्मपित्यांना त्या सणाला बटाटे, चीज आणि मक्याचे दाणे यांवर भागवावं लागलं. जाताना ते उंबऱ्यात म्हणाले, "आता खरोखर हाकू म्हणा मला, नाहीतर मी जातच नाही." आणि सर्वांत मोठ्याने हसली ती असुंता.

त्या संध्याकाळपासून सातुर्निनाबाई उंबऱ्यात "कुई, हाका! कुई, हाका!" अशी दोन्ही नावं घेऊ लागल्या. कबिला धावे, कबिल्याबरोबर मी धावे. मोठ्या सिस्टरांनी एकदा दात वाजवले, माझ्या हनुवटीखाली हुंगलं आणि मग स्वतःची काडी चघळत जराशा बाजूला सरकल्या. त्या जागेत मी बसले. पुढे त्याच जागेत माझी पिल्लं जन्मली, डोळे उघडे ठेवून. ती दोन्ही बोलींत हुशार निघाली.

सगळे दिवस सारखे नसतात. मध्ये घरात गॅसची शेगडी आली, चूल विझली आणि आम्हाला अंगणातल्या जाळीच्या पिंजऱ्यात नेलं. तिथे जाळीतून गारठा शिरे. मोठ्या सिस्टर तिथेच एका सकाळी उठल्या नाहीत. त्या दिवशी सातुर्निनाबाईंनी पाणी घेतलं नाही. निकानोर म्हणाला, "आई, गिनिपिगांसाठी कुणी चूल पेटवतं का?" त्यावर असुंताच ताडकन म्हणाली, "तुझ्या आईच्या सूपासाठी पेटवते. या आपल्या शेकायला बसतील." आणि आम्ही परत या कोपऱ्यात आलो.

आता त्या मोठ्या सिस्टरांच्या जागी मी आहे. आज दुपारी सातुर्निनाबाई बहिणीच्या गावाहून परतल्या, त्यांच्या शालीत ही नवी पांढरी पाहुणी. मघाशी ती रांजणामागे पळाली. असुंताने तिला "कुई" म्हटलं, "हाका" म्हटलं, पण ती हलली नाही.

"थांब अशूका," सातुर्निनाबाई म्हणाल्या. "घेताना विचारून ठेवलंय मी. तिला तिथे शिट्टी वाजवून बोलावतात."

आणि म्हातारीने ओठांचा चंबू केला. पण पुढचे दात कुठे आहेत? नुसती हवा गेली, फूऽऽ. परत फूऽऽ. असुंता हसून हसून जमिनीवर बसली. "मामिता, चूल विझवताय की तिला बोलावताय?" मग तिने दोन बोटं ओठांत घालून लांब शिट्टी दिली.

रांजणामागून एक पांढरं नाक बाहेर आलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी नवा जीव आला, गिनिपिग असो नाहीतर माणूस, तर त्याला एकदम गर्दीत लोटू नका. त्याला उबेचा आडोसा द्या, वेळ द्या. तो ओ देत नाही म्हणून त्याला बहिरा ठरवू नका. आधी त्याला त्याच्या घरी काय म्हणत होते, ते विचारा.

बघा, ती येते आहे. भीतभीत, भिंतीच्या कडेने. माझे दात अजून शाबूत आहेत, वाजवता येतील. पण मी आपली जराशी बाजूला सरकते आहे.