अंगठ्याचा कागद

आजवर पोराने आईला संतापायला पुष्कळ कारणं दिली होती, पण भर सरकारी कागदावर तिला अडाणी ठरवायची हिंमत त्याच्या बापानेही कधी केली नव्हती.

अंतराळ प्रशिक्षण केंद्रातून आलेल्या अधिकारी बाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि जांभळ्या शाईचं पॅड उघडलं.

"आजी, इथे अंगठा द्या. मेजरसाहेबांचं लग्न झालेलं नाही, म्हणून अंतराळात जायला तुमची संमती लागते. संध्याकाळपर्यंत कागद पोचला नाही तर त्यांचं नाव यादीतून जाईल. आईंना वाचता येत नाही, असं त्यांनीच लिहून दिलंय."

"कुणी लिहून दिलंय?"

खिळ्या खिडकीपाशी उभा होता. फौजेत मेजर, घरात खिळ्या. लहानपणी इतका किडकिडीत होता, की तेव्हा चिकटलेलं नाव चाळिशी जवळ आली तरी निघालं नव्हतं. तो बाहेर असा बघत होता, जसं काही गल्लीत हत्ती आलाय.

आई तिसरीतच शाळेतून निघाली होती, हे खरं. पण तीस वर्षं तिने ट्रकांच्या ताडपत्र्या शिवल्या होत्या, ड्रायव्हरांनी कसंबसं खरडलेली मापं वाचली होती, आणि इंचभर चूक होऊ दिली नव्हती. तिला वाचता येत होतं. सावकाश येत होतं, एवढंच. फौजेतून आलेलं या दिवट्याचं एकूण एक पत्र तिने स्वतः वाचलं होतं.

आणि पत्रं तरी काय! इंजिनियर म्हणून भरती झाला तेव्हा लिहिलं, ऑफिसात बसून नकाशे काढतो. बांधत होता पूर आलेल्या नदीवर पूल, छातीभर पाण्यात उभा राहून. तिला ते दोन वर्षांनी कळलं, त्याच्या पलटणीतला स्वयंपाकी घरी आला आणि बोलता बोलता बोलून गेला तेव्हा. मग म्हणाला, जमिनीची मोजणी करतो. उकरत होता पुरलेले सुरुंग. त्यानंतर यंत्रांची तपासणी, म्हणजे नवीन विमानात बसून ते कुठे मोडतं ते बघायचं. दर बढतीला नवी थाप.

"आणा इकडे," ती म्हणाली आणि तिने चष्मा चढवला.

"अगं आई, तीन पानं आहेत. मी सांगतो ना थोडक्यात."

"तुझं थोडक्यातच तर मला भोवलंय."

ती ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचत राहिली. चहा गार झाला. बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"घाई असेल तर गाडीत जाऊन बसा," ती मान वर न करता म्हणाली.

दुसऱ्या पानाच्या मध्यावर बोट थांबलं.

"पार्थिव... हस्त... हस्तगत न झाल्यास. हस्तगत म्हणजे काय रे?"

खिळ्याने पुन्हा खिडकीकडे तोंड फिरवलं.

"बाई, तुम्ही सांगा."

"हाती लागणं, आजी. म्हणजे अपघात झाला आणि देह सापडला नाही, तर..."

"कळलं."

तेही कळलं आणि अंगठ्याचं गणितही कळलं. अंगठा देणाऱ्या बाईला ही ओळ वाचावी लागली नसती. एवढ्या एका ओळीसाठी पोराने आईची तिसरी पुसून टाकली होती. दुसरी कोणी असती तर विरघळली असती. हिचं डोकं आणखी तापलं.

"मी सही करणार नाही असं वाटलं तुला?"

"नाही गं. रडशील, असं वाटलं."

"मग? मी रडायचं ते तुझी परवानगी काढून रडायचं?"

तिने अंगठ्याच्या ओळीवर आडवी रेघ मारली.

"आजी, खाडाखोड चालत नाही!"

"मग नवा कागद काढा. आणि तू ये इकडे. लिही तुझ्या हाताने, आईला वाचता येतं."

त्याने लिहिलं. नवा कागद तिने पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. दुसऱ्या पानावर तिला जरा जास्तच वेळ लागला, तेव्हा कोणी घड्याळ पाहिलं नाही. मग तिने नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव अशी पुरी सही केली.

खिळ्या जवळ आला. तिने हात वर करून त्याला तिथेच थांबवलं.

"जा वर. तुझं काम चोख असतं, म्हणून सही केली, तुझ्या शब्दावर नाही. आणि बाईंच्या देखत सांगते. पुराला भ्याला नाहीस, सुरुंगाला भ्याला नाहीस, आईच्या रडण्याला भ्यालास, म्हणून तिला आंधळी केलीस. जगाने तुला शूर म्हणू दे. माझ्या लेखी तू भित्रा आहेस."