बिनविस्तवाचं पुस्तक

मित्रांनो, मी एक जुनं पाककृतींचं पुस्तक आहे, पण माझ्या एकशे बारा पानांत कुठेही विस्तव पेटत नाही. भिजवा, चिरा, कालवा आणि गारेगार खा, एवढंच मला येतं. मला लिहिणाऱ्या बाई एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात होत्या. तीस वर्षं शेगडीपुढे भाजून निघाल्यावर, उन्हाळ्यात तरी लोकांचं स्वयंपाकघर तापू नये म्हणून त्यांनी मला लिहिलं. वजनकाट्याला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. म्हणून माझ्यात जिथे तिथे मूठभर आणि चिमूटभर. त्याच सवयीने पुढे घात केला.

मला विकत घेतलं ते एका फरशी बसवणाऱ्या माणसाने. त्याची बायको बेकरीत कामाला होती. पहाटेपासून भट्टीसमोर उभी राहून ती दुपारी घरी यायची तेव्हा तोंड लालबुंद झालेलं असायचं. घरच्या शेगडीकडे तिला बघवतही नसे.

"उन्हाळाभर तू काही शिजवायचं नाहीस," असं म्हणून त्याने मला ओट्यावर उघडलं, ते एकोणिसाव्या पानावर. कालचा पाव, टोमॅटो, काकडी, लिंबू, मूठभर पुदिना, मूठभर भिजवलेले शेंगदाणे, चिमूटभर मीठ. त्याचे हात फावड्याएवढे होते आणि सिमेंटने खरखरीत झालेले. माझी पानं उलटताना त्याला अंगठा तीनदा ओला करावा लागे.

"अहो, मूठ म्हणजे कुणाची मूठ?" ती खुर्चीवर पाय पसरून विचारायची. "तुमची की माझी? आमच्या बेकरीत असलं खपत नाही. तिथे मीठसुद्धा काट्यावर चढतं."

"जो करतो त्याची मूठ," तो हसायचा. "तू नुसतं खा."

ती वाडगा पुसून खायची आणि म्हणायची, "तुमच्या हाताला चव आहे हो." पदार्थ सांगायचा मी आणि नाव व्हायचं त्याच्या हाताचं! मला जरा रागच यायचा. शिवाय ऊन उतरलं की गरज सरो, वैद्य मरो. पुढचे नऊ महिने मी वरच्या फळीवर, केकच्या जाडजूड पुस्तकाला टेकून. त्या गुळगुळीत गृहस्थाने मला कधी शेजारी मानलंच नाही. पण उन्हाळा परत येणार हे मला ठाऊक होतं, म्हणून ते दिवसही निघायचे.

असे चौदा उन्हाळे गेले. मग एका थंडीत तो खोकत खोकत गेला. मला ते फळीवरूनच कळलं. माणसं आली, खुर्च्या सरकल्या, माणसं गेली, आणि त्यानंतर घासताना एकाच ताटाचा आवाज येऊ लागला.

उन्हाळा लागल्यावर तिने स्वतः मला खाली काढलं. एकोणिसावं पान उघडलं आणि सगळं माझ्या बरहुकूम केलं. जो करतो त्याची मूठ, म्हणून स्वतःची मूठ घेतली. तिची मूठ केवढी? लिंबाएवढी. तिने एक घास खाल्ला आणि वाडगा बाजूला सारला. दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहिलं, तिसऱ्या दिवशीही.

"तुझ्यात काही राम राहिला नाही," चौथ्या दिवशी ती मला म्हणाली. "नाहीतर माझ्याच तोंडाची चव गेली."

अगं बाई, मूठ तुझी नको, त्याची हवी! मी किती ओरडलो असतो. पण पुस्तकाला छापलंय तेवढंच बोलता येतं. मी मिटलो आणि फळीवर गेलो. ती खिडकीपाशी उभ्या उभ्या कोरडा पाव पाण्याबरोबर गिळू लागली. दोन उन्हाळे तिने असेच काढले. तिचे कपडे ढगळ झाले. माझ्या बांधणीत धूळ बसली. एका घरात आम्ही दोघं एकटे होतो आणि एकमेकांना काही सांगू शकत नव्हतो.

तिसऱ्या उन्हाळ्यात दूरच्या शहरातून त्यांची मुलगी आली. ती गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करते.

"आई, काय ही दशा! हाडं मोजून घ्यावीत तुझी."

"अगं, जेवणच जात नाही."

मुलीने घर आवरायला काढलं. रद्दीचा गठ्ठा झाला आणि त्यात सर्वांत वर मी. "हे बाबांचं ना?" तिने विचारलं. "देऊन टाक," आई म्हणाली. सुतळी बांधता बांधता मुलगी थांबली. "देण्याआधी एकदा यातलं करून तर बघू."

तिने मुठीत पुदिना धरला आणि माझा जीव वर-खाली झाला. केवढी ती मूठ!

आईने एक घास घेतला आणि ती थांबली. मग दुसरा घेतला. वाडगा संपेपर्यंत तिने मान वर केली नाही. वर केली तेव्हा डोळे भरले होते.

"जास्तीचं काय घातलंस?"

"काही नाही गं. पुस्तकात आहे तेवढंच, मूठभर."

"हात बघू तुझा." तिने आपला तळवा मुलीच्या तळव्यावर ठेवला. तिची बोटं मुलीच्या दुसऱ्या पेरापर्यंतच पोचली. "तुझ्या बापाचा पंजा आहे हा," ती म्हणाली आणि ढसाढसा रडली.

मग तिने डोळे पुसले आणि कपाटातून छोटा वजनकाटा काढला. "कर मूठ." पुदिना तोलला, शेंगदाणे तोलले, मिठाची चिमूट दोनदा तोलली. आकडे माझ्या समासात पेन्सिलीने लिहिले.

मुलगी चार दिवसांनी गेली. आता आई रोज दुपारी मला उघडते, काट्यावर तोलते आणि एकटीच जेवते. आवाज अजून एकाच ताटाचा येतो. त्याला माझा इलाज नाही. पण वाडगा पुसलेला असतो.

मित्रांनो, पुस्तकांना ओला हात लावू नका, असं तुम्हाला सांगतात. मी म्हणतो, खुशाल लावा, डाग पाडा. फक्त ज्यांच्या हातचं तुम्हाला आवडतं, ते घरात आहेत तोवर त्यांची मूठ एकदा तोलून माझ्यासारख्याच्या समासात लिहून ठेवा. त्या दोघांनी ते हसण्यावारी नेलं, आणि तिने दोन उन्हाळे कोरड्या पावावर काढले.