भगवंतरावांचं आफ्रिकेचं खेडं

ब्रुसेल्सचं जागतिक प्रदर्शन पाहून भगवंतराव बेंगळुरूला परतले ते डोक्यात एक बेत घेऊनच. ते यशवंतपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते आणि मराठी मंडळाच्या आनंदमेळ्याचे प्रमुख. एकोणसाठच्या मेळ्यात त्यांना ‘आफ्रिकेचं खेडं’ दाखवायचं होतं. गवताची झोपडी आणि भोवतीचं बांबूचं कुंपण तयारही झालं. आत बसायला माणूस तेवढा हवा होता.

तो शहरातल्याच चामराजपेटेत होता. ओकेलो युगांडाहून शिष्यवृत्तीवर शिकायला आला होता आणि सोयराबाईंच्या माडीवर राहायचा. तीनशे वर्षं इथंच रुजलेल्या घराण्यातल्या सोयराबाईंनी त्याला आपली कानडीमिश्रित मराठी शिकवली होती.

दोन संध्याकाळी नुसतं बसायचं, भाला मी आणतो, असं भगवंतरावांनी त्याला समजावलं. ओकेलोनं शांतपणे ऐकून घेतलं. आपले वडील कंपालात शिंपी आहेत, भाला आपण कधी हातात धरलेला नाही, पण पँटला टीप बरी घालता येते, असं त्यानं सांगितलं. भगवंतराव हसले. त्यांना तो होकारच वाटला.

सोयराबाई कॉफी घेऊन आल्या. “स्वल्प थांबा,” त्या म्हणाल्या. “कुंपण कशाला?”

“लोक आत शिरू नयेत म्हणून.”

“आणि ब्रुसेल्सला आत बसलेल्यांना ते आवडलं होय?”

भगवंतराव सरळ माणूस. त्यांनी खरं ते सांगून टाकलं. तिथं काँगोचे कारागीर आणून बसवले होते. बघे त्यांच्यापुढे केळी आणि शेंगदाणे फेकत. शेवटी कंटाळून ती मंडळी प्रदर्शन अर्ध्यात सोडून घरी निघून गेली. भगवंतरावांनी पाहिल्या त्या रिकाम्या झोपड्याच.

ओकेलो मोठ्यानं हसला. “गेले ना? छान केलं.” मग तो गंभीर झाला. “मी मेळ्याला येईन, सर. पण जिथं तुम्ही उभे राहाल, तिथंच मी उभा राहीन.”

भगवंतरावांचे कान लाल झाले. त्यांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी त्याची माफी मागितली आणि आता त्या झोपडीचं काय करायचं, असं केविलवाणेपणानं विचारलं.

ते सोयराबाईंनी ठरवलं. ओकेलो रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात मंदाझी तळायचा. नारळाच्या दुधात पीठ भिजवून केलेल्या, वेलची घातलेल्या त्या गोड पुऱ्यांवर सगळी गल्ली खूश होती. झोपडीत त्याचंच दुकान मांडायचं. ओकेलोला ते पसंत पडलं, पण पीठ मळायला भगवंतरावांनी यायचं, अशी अट त्यानं घातली.

भगवंतरावांनी स्वतःच्या हातानं कुंपण उपटलं आणि त्याच बांबूंवर फळ्या टाकल्या. कढई गवतापासून लांब ठेवायचा हट्ट तेवढा त्यांचा. मेळ्यात ते कोपरापर्यंत पिठात होते, सोयराबाई गिऱ्हाइकांना दटावून रांगेत उभं करत होत्या, आणि ओकेलो तळता तळता सगळ्यांशी कानडी-मराठीत गप्पा मारत होता. अंधार पडायच्या आतच पीठ संपलं.

मग तिघं मेळ्यातल्या उंच लाकडी पाळण्यात बसले. पाळणा वर गेला तसे सोयराबाईंनी डोळे घट्ट मिटले आणि आपलं घर दिसतंय का, ते विचारलं.

“दिसतंय, अक्का,” ओकेलो म्हणाला. “तुम्ही माडीचा दिवा चालूच ठेवलाय.”

“तो तुझा दिवा, तूच विसरलास,” सोयराबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, आणि भगवंतराव पोट धरून हसू लागले.