दोनशे तेरावं फूल

“महिनाअखेरीला ती नोंद काढून टाकतील, काका,” प्रयोगशाळेतल्या मॅडम फोनवर म्हणाल्या. “पाच पाकळ्या मोजलेल्या लागतात. तिच्या दोनच आहेत.”

रंगाच्या दुकानात रंग मिसळून देणाऱ्या काकांनी फोन तसाच कानाशी धरून ठेवला.

जगभरातल्या अभ्यासकांनी मिळून फुलांच्या रंगांची मोजमापं इंटरनेटवर साठवली होती. पाकळीवर प्रकाश टाकायचा, त्यातला किती परत येतो ते यंत्राने मोजायचं आणि त्याची वळणदार रेषा नोंदवायची. काकांची लेक मॅडमच्या हाताखाली हेच काम करायची. दोन वर्षांपूर्वी फुलं गोळा करताना कड्यावरून पाय घसरला आणि ती गेली. तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडलं की काका ‘मोजणारा’ या रकान्यात तिचं नाव टाकत. दोनशे तेरा फुलं समोर येत. दुकानातलं नमुना जुळवायचं यंत्रही अशाच रेषा काढायचं, त्यामुळे त्या त्यांना ओळखीच्या माणसांसारख्या वाटत. जुन्या संगणकावर रेषा डावीकडून उजवीकडे सावकाश उमटे आणि दर वेळी वाटे, आत्ता कुणीतरी काढतंय. एकदा मागे खुर्ची सरकल्याचा भास होऊन ते चक्क वळले होते.

दोनशे तेरावी, दोनच पाकळ्यांची नोंद मात्र ते उघडून लगेच मिटत. तिच्या शेऱ्यात लेकीने लिहिलं होतं: ‘वाटेकडेची फुलं धुळीने मळलेली, दोनच पाकळ्या स्वच्छ निघाल्या. मळक्या नमुन्यावर मोजायचं नाही. वरची घेऊन येते.’

मळक्या नमुन्यावर रंग जुळवायचा नाही, हे वाक्य काकांचं. भिंतीचा पोपडा घेऊन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ऐकवायचे. शाळा सुटल्यावर दुकानात येऊन बसणाऱ्या लेकीच्या कानावर ते हजारदा पडलं असेल. बायकोला त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. तिला कुठे हे सगळं उघडून बघता येतंय, म्हणून झाकून गेलं होतं.

“मी फूल आणून दिलं तर मोजाल?” त्यांनी विचारलं.

“मोजेन. पण काका, तो कडा…”

“आणतो,” म्हणत त्यांनी फोन ठेवला.

बायको घरी भाजी निवडत होती. कड्यावरून एक फूल आणायचंय, एवढंच काकांनी सांगितलं. “त्या वाटेला जायचं नाही,” ती म्हणाली. “एक गेली तेवढं पुरे.”

“जाणार आहे मी.”

तिने हातातलं देठ मोडून टाकलं. “मग मीही येते. मागून शर्ट धरीन.”

रविवारी सकाळीच दोघं डोंगर चढले. वाटेकडेला ती फुलं होतीच. करंगळीच्या नखाएवढी, पांढरी, धुळीने भुरकटलेली. वर कड्याच्या भेगेत त्याच फुलांचा स्वच्छ झुबका होता. खाली बघायचं नाही असं ठरवूनही काकांनी बघितलं. पायाखालचे खडे निसटले. ते कुठे जाऊन थांबले, ऐकू आलं नाही. बायकोने शर्ट मुठीत आवळला.

फूल डबीत ठेवून ते मागे सरकले आणि खाली बसले.

“माझ्यामुळे चढली ती इथं,” ते म्हणाले. “माझं ते मळक्या नमुन्याचं…”

“माहितीये मला.”

“काय माहितीये?”

“शेऱ्यात लिहिलंय की तिने. वाचलंय मी.” शर्ट तिने अजून सोडला नव्हता. “तुम्ही दुकानात गेलात की मी फोनवर बघते. शेजारणीने शिकवलं. म्हटलं, कधीतरी सांगाल तुम्ही.”

“राग नाही आला?”

“आला ना. वर्षभर होता.” ती उठली. “चला आता, फूल सुकेल.”

दुपारी मॅडमनी प्रयोगशाळेचे पडदे ओढले. एकेक करून तीन पाकळ्या यंत्राखाली गेल्या आणि संगणकाच्या पडद्यावर रेषा उमटू लागली.

“हा डावीकडचा भाग आपल्या डोळ्यांना दिसत नाही,” मॅडम म्हणाल्या. “मधमाशीला दिसतो.”

दुकानातलं यंत्र तो भाग मोजतच नसे. इथे रेषा तिथूनच उंच निघाली होती.

“म्हणजे आपल्याला दिसत नाही, पण असतं?” बायकोने विचारलं.

“असतं.”

काका म्हणाले, “नाव तिचंच राहू द्या, मॅडम.”

“पहिल्या दोन पाकळ्यांना तिचंच आहे. या तीन मी मोजल्या, तिथे माझं घालावं लागेल. नियम आहे. पण नमुना कोणी आणला, हा रकाना रिकामा आहे.”

त्यांनी दोघांची नावं विचारून घेतली आणि तिथे टाकली. बायको खुर्चीतून पुढे वाकली. पडद्यावर बोट टेकवून तिने आधी लेकीचं नाव वाचलं, मग काकांचं, मग स्वतःचं. बोट काढलं तेव्हा काचेवर ठसा उठला होता. तो पुसायला मॅडमनी रुमाल उचलला, पण मग तो तसाच टेबलावर ठेवून दिला.