गव्यांची खबर आणि दाजींचं गाऱ्हाणं

गावातले म्हातारे दाजी माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले, ते न बोलते तर बरं होतं.

"गौरजा, तुज्या मशिनीन माजो अर्धो कुणगो खाल्लो."

कुणगा म्हणजे भातशेताचा तुकडा. तो खाल्ला गव्यांनी, पण नाव माझं. बांदा बाजारपेठेपासून आत, डोंगराला चिकटून आमचं गाव. भात पिकायला आलं की गव्यांचा कळप खाली उतरतो. मी घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते, म्हणून गावात मिक्सरपासून टीव्हीपर्यंत सगळं मलाच दाखवतात. यंदा मीच हौसेने म्हटलं, गव्यांचा बंदोबस्त करते. मला कुणी सांगितलं नव्हतं.

बेत साधा होता. ज्याला गवे दिसतील त्याने मोबाईलवरून खबर पाठवायची. दूरच्या एका सर्व्हरवर या खबरांची रांग लागते. वाचनालयातल्या जुन्या कॉम्प्युटरवर माझा प्रोग्राम चालतो. तो रांगेतली खबर उचलतो, रांगेला "पोचली" म्हणून सांगतो, मग आधीच्या खबरांशी ती जुळवून कळप कुठे चाललाय ते ओळखतो आणि वाटेवरच्या शेतकऱ्याला फोन लावून माझ्या आवाजातला निरोप ऐकवतो. आधी भरडवाडी, मग देऊळ, असे गवे दिसले तर पुढचा कुणगा दाजींचा.

कुणगा गेला त्या संध्याकाळी भरडवाडीची खबर आली, देवळाची आली, आणि दाजींचा फोन वाजलाच नाही.

"दाजी, सगळ्या खबरा पोचल्यात. नोंद आहे माझ्याकडे."

"पोचल्यो तर गेल्यो खंय?"

"त्या वेळी लाईट गेली होती, मी काय करू? लाईट आल्यावर कॉम्प्युटर आपोआप चालू झाला, प्रोग्रामही चालू झाला. सगळं नीट आहे!" असं ओरडून मी फाटक आपटलं आणि घरी आले. घरी येऊन रडले, ते वेगळं. कारण त्या कुणग्यात वालय नावाचं जुनं गावठी भात होतं, आणि वालयचं बियाणं गावात आता एकट्या दाजींकडे उरलं होतं. उरलेला अर्धा कुणगा कापायला चार दिवस होते. तो गेला की बियाणं संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी गावाच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं. गावात गाऱ्हाणं दाजींनीच घालायचं आणि त्यांचं एकेक वाक्य संपलं की बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा, असा रिवाज. तुळसाकाकींनी, म्हणजे दाजींच्या बायकोने, मला हाताला धरून नेलं. बांधावर आठ-दहा माणसं, समोर नारळ, पानाचा विडा. मी मागे उभी राहून मोबाईलवर प्रोग्रामच चाळत होते.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या लेकरान तुज्यासमोर नारळ ठेवलेलो आसा..."

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं. एकटीनेच. बाकी सगळे गप्प, कारण दाजींचं वाक्य अजून संपायचं होतं.

दाजी वळले. "गो, मिया अजून सांगलंयच नाय, तू व्हय कशाक म्हटलंस?"

"चुकून."

"तू व्हय म्हटलंस की मिया फुडे जातंलंय. तू आयकलंसच नाय तर ता गाऱ्हाणा गेला खंय? आदी पुरा आयक, मगे व्हय म्हण. आता परत पयल्यापासून."

काकी हसल्या, सगळेच हसले. मी मात्र मोबाईलवरच्या प्रोग्रामकडे बघितलं. माझा प्रोग्राम नेमकं हेच करत होता. खबर हातात आली रे आली की रांगेला "पोचली" म्हणायचा. रांग बिचारी विश्वासाने ती खबर पुसून टाकायची. मग जुळवाजुळव अर्ध्यावर असताना लाईट गेली, की खबर रांगेतही नाही आणि कॉम्प्युटरच्या डोक्यातही नाही. नोंदीत मात्र पोचलेली!

गाऱ्हाणं पुरं होईपर्यंत मी थांबले. दाजींच्या धाकाने का होईना, प्रत्येक "व्हय म्हाराजा" जागेवर म्हटलं. मग पळत वाचनालय गाठलं. पोच देण्याची ओळ वरून उचलून पार तळाला नेली. आता खबर जुळवून, फोन लागून, समोरच्याने एकचा आकडा दाबला की मगच रांगेला "पोचली". तोवर खबर रांगेतच. मध्ये लाईट गेली तर परत पहिल्यापासून, आणि आकडा दाबला नाही तर परत फोन.

कापणीच्या आदल्या दिवशी, तिन्हीसांजेला, गडगडायला लागलं आणि लाईट गेली. मी घरातून वाचनालयाकडे धावले. दहा मिनिटांनी लाईट आली, कॉम्प्युटर कुरकुरत उठला आणि पडद्यावर दोन खबरा दिसल्या. भरडवाडी. देऊळ. दोन्ही रांगेतच थांबलेल्या. लगेच दाजींना फोन लागला. खालून डबे बडवल्याचा आवाज आला, दाजींच्या शिव्या आल्या, आणि मी खुर्चीत बसून एकटीच टाळ्या वाजवल्या.

कुणगा वाचला. पण दाजी आले ते तणतणतच.

"सात वेळा फोन केलंस! गवे हाकूक की फोन घेवक?"

"एक दाबला नाहीत तुम्ही?"

"दाबतलंय कशाक? तू पुरा सांगलंस, मिया पुरा आयकलंय, आणि दर वेळाक व्हय म्हाराजा म्हटलंय!"

मी प्रोग्राममध्ये दाजींपुरती सोय करून दिली: "व्हय म्हाराजा" ऐकू आलं की खबर पोचली.

कापणी, झोडणी झाल्यावर दाजी आमच्या पडवीत आले. हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं.

"वालयचा बी आसा. अर्धा माज्याकडे, अर्धा तुज्याकडे. माज्याकडचा गेला तर तुज्याकडे रवाक व्हया. सुकव, उंदरांपासून जप, आणि पावसाच्या आदी माका परत दी..."

माझे डोळे भरून आले होते, तरी मी घाई केली नाही. ते अजून बोलत होते. उन्हात किती दिवस ठेवायचं, कडुलिंबाचा पाला कुठे घालायचा, सगळं सांगून झालं. ते थांबले, माझ्याकडे बघत राहिले.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं आणि गाठोडं घेतलं.