काकूंचं नाव घेणं

१९८४च्या ऑगस्टमध्ये श्रीरंगकाकांनी आम्हाला अलास्काच्या पार उत्तरेला वॉलरस बघायला नेलं. काका अमेरिकेत, ईडन प्रेरी नावाच्या गावात भूल देणारे डॉक्टर. माणसं त्यांच्यासमोर निमूट पडून राहतात, आणि ही अपेक्षा ते घरीही आणतात.

जहाजाच्या कडेला रबरी होडी लागली तेव्हा त्यांनी जाहीर केलं, “सुचित्रा, तू डेकवरूनच बघायचं. दुर्बीण कशाला दिलीय?”

काकूंनी दुर्बीण काकांच्याच गळ्यात अडकवली, साडीवर लाइफ जॅकेट चढवलं, माकडटोपी ओढली आणि शिडी उतरून सरळ माझ्या शेजारी येऊन बसल्या.

होडी चालवणाऱ्या लिंडाचा एक नियम होता. प्रत्येकाने स्वतः वॉकीटॉकीवर आपलं नाव सांगायचं, मग जहाजावर आपली वाट बघणाऱ्याचं. यंत्र वापरता येतं याची तीच परीक्षा. नापास झालात तर वर. मी काकांचं नाव सांगून मोकळा झालो.

काका कठड्यावरून हसले. “अतुल, काकूला वर पाठव. लग्नानंतर अठ्ठावीस वर्षांत तिने माझं नाव घेतलेलं नाही. आता काय घेणार!”

खरं होतं. एकदा मॉलमध्ये काका हरवले तेव्हा काकूंनी लाउडस्पीकरवरून नुसतं ‘अहो’ पुकारायला लावलं होतं. तीन मराठी नवरे धावत आले. काका त्यांत नव्हते.

“मॅम, वर कोण आहे?” लिंडाने विचारलं.

“मी सांगू का?” मी म्हणालो.

“नो. शी हॅज टू.”

काकूंनी समोरच्या बर्फाकडे पाहिलं. वॉकीटॉकी तोंडाशी धरला, बटण दाबलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

“बर्फाच्या लादीवर वॉलरस झोपला हातपाय पसरून,
श्रीरंगरावांचं नाव घेते, त्यांची परवानगी विसरून!”

डेकवरच्या कर्ण्यातून ते सगळ्या जहाजाने ऐकलं. रेडिओवाला म्हणाला, “से अगेन?” काकूंनी पुन्हा घेतलं. लग्नातही एकदाच घेतलं होतं.

“लाँग नेम,” म्हणत लिंडाने इंजिन चालू केलं.

वॉलरसपासून शंभर फुटांवर पोचलो. तो आमच्याकडे बघत होता, आम्ही त्याच्याकडे. तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला.

“सुचित्रा, स्वेटर घातलायस का? ओव्हर.”

“अहो,” काकू म्हणाल्या, “दुर्बीण आहे ना? बघा की. ओव्हर.”

आणि त्यांनी वॉकीटॉकीच बंद केला.