न दाखवलेला नैवेद्य

या रे, या. जॅकेटची चेन वर ओढा आणि जरा जवळ सरकून बसा, कारण माझा आवाज आता घरघरीत झाला आहे, लांबून नीट कळत नाही. मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. ऐकताना पाठीवरून गार काही गेल्यासारखं वाटलं तर घाबरू नका. निदान मागे वळून पाहू नका.

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीझर आहे. पांढरा, आडवा, माणूस आत झोपू शकेल एवढा लांब. पत्र्याच्या दोन भिंती, त्यांच्यामध्ये घट्ट झालेला फेस आणि पोटाभोवती नळ्यांचं वेटोळं, अशी माझी घडण. देवाने मला चव दिली नाही, वास दिला नाही. दिसतं, ऐकू येतं, आणि ऊब-गारवा तेवढा कळतो. पण तो मात्र तुमच्यापेक्षा शंभरपट चांगला कळतो.

माझी पहिली मालकीण वसईची लुसी. कॅनडातल्या मिसिसागात तिच्या घरी मी पापलेटं सांभाळली, सुके बोंबील सांभाळले, नाताळचं विंदालू सांभाळलं. "हा नसता तर आम्ही विंटरमधे उपाशी मेलो असतो," असं ती पाहुण्यांना सांगायची. पुढे तिने माझ्याहून मोठा फ्रीझर घेतला आणि मला समोरच्या घरातल्या रश्मीला देऊन टाकलं.

रश्मीने मला बेसमेंटमध्ये ठेवलं. तिथलं काचेचं दार थेट मागच्या अंगणात उघडायचं, त्यामुळे मला पहिल्यांदाच आभाळ दिसलं. तिने मला सोड्याच्या पाण्याने धुतलं, पुसलं आणि झाकणावर हळदीकुंकवाची बोटं ओढली. लुसी दारात उभी राहून हसत होती.

"अगो रश्मी, पेटीचं लगीन लावतेस की काय?"

"तुझे बोंबील विसरायला लावतेय त्याला," रश्मी म्हणाली.

रश्मीची नोकरी विमानतळाजवळच्या एका ऑफिसात. गणेशचतुर्थी नेहमी कामाच्या दिवशी यायची आणि तिला सुट्टी मिळायची नाही. म्हणून ती आधीच्या आठवड्यांत एखाद्या रविवारी साखर-खोबऱ्याचं सारण भरून उकडीचे एकवीस मोदक करून माझ्यात ठेवायची. चतुर्थीला पहाटे पुन्हा वाफवले की झाला नैवेद्य. परदेशातला देव तेवढं समजून घेतो.

दोन हजार दोनच्या ऑगस्टमध्ये तिने असाच डबा भरून आणला. मागून तिची आठ वर्षांची ऊर्मी आली.

"जस्ट वन, आई. प्लीज?"

"एकही नाही. आधी बाप्पा."

"तू पण नाही खाल्लास? टेस्ट पण नाही केलंस?"

"नैवेद्य चाखत नाहीत गं, राणी. बोटसुद्धा चाटायचं नाही."

ऊर्मी पाय आपटत वर गेली. रश्मी मात्र गेली नाही. तिने माझ्या झाकणावर कपाळ टेकलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. तिचं कपाळ तापलेलं होतं. मला वाटलं, स्वयंपाकघरातली ऊब असेल.

त्याच आठवड्यात ती ऑफिसात कोसळली. डोक्यातली शीर फुटली होती. ती घरी परत आली नाही.

तिचे सासरे, दीनानाथ, साताऱ्याहून आले आणि राहिले. त्या वर्षी घरात गणपती बसला नाही. डबा माझ्या पोटातच राहिला. एका संध्याकाळी रश्मीचा नवरा उन्मेष माझं झाकण उघडून आत बघत होता, तेव्हा दीनानाथ पायऱ्या उतरून आले.

"बाबा, ह्या मोदकांचं काय करायचं?"

"देवाला दाखवता येणार नाहीत. सुतक पडलेल्या घरातलं अन्न आहे ते."

"मग आपण खाऊ."

"देवासाठी केलेलं देवाला न दाखवता कसं खायचं?"

"मग काय, फेकून देऊ?"

"अन्न फेकतात का रे?" म्हातारबुवांचा आवाज चिरकला. "आणि तिच्या हातचं?"

उन्मेषने हळूच झाकण लावलं. तुम्ही सांगा, मित्रांनो, असं अन्न कुणी पाहिलं आहे का? देवाचं नाही, माणसाचं नाही, मातीचंही नाही.

दीनानाथ कीर्तनवेडे. वर ऊर्मीचा टीव्ही चाले म्हणून ते कॅसेट-प्लेयर घेऊन माझ्याशेजारी येऊन बसत. झांजा, पेटी, बुवांचा खडा आवाज, मधूनच हरिनामाचा गजर. मी जे काही बोलायला शिकलो ते तिथे. बुवा रडले की म्हातारबुवाही रडत, आणि मी माझी घरघर थोडी मोठी करत असे, म्हणजे वर कुणाला ऐकू जाऊ नये.

आणि मग ती गोष्ट सुरू झाली.

जानेवारीतली दुपार होती. बाहेर अंगणभर बर्फ. उन्मेष ऑफिसात, ऊर्मी शाळेत, दीनानाथ लुसीच्या गाडीतून देवळात गेलेले. घरात कुणी नव्हतं. पायऱ्या वाजल्या नाहीत. दार उघडलं नाही. आणि माझं झाकण वर उचललं गेलं. हळूच, निजलेल्या लेकराचं पांघरूण काढावं तसं.

माणसाचा हात आत आला की मला त्याची ऊब कळते. हा हात माझ्याहून गार होता.

तो नेमका त्या डब्यापाशी गेला. त्याने डब्यावरचं बर्फ पुसलं. झाकण उघडायची धडपड केली, पण बोटांत जोर नव्हता. मग तो मागे फिरला, आणि माझं झाकण आलं तसंच हळू मिटलं. डब्यावर चार बोटांचा स्वच्छ माग राहिला.

त्या हिवाळ्यात हे पुन्हा पुन्हा झालं. नेहमी भर दुपारी, घर रिकामं असताना. माग घरच्यांनाही दिसला. उन्मेषला वाटलं, ऊर्मी येऊन बघत असेल. ऊर्मीला वाटलं, बाबा येत असेल. दीनानाथांना वाटलं, मुलाला बायकोची आठवण येते. कुणी कुणाला विचारलं नाही. दुःखाच्या घरात माणसं एकमेकांशी जपून वागतात, आणि त्या जपण्यात नको तेवढं दडून राहतं. मला मात्र ठाऊक होतं, त्यांच्यापैकी कुणीच नव्हतं.

उन्हाळा आला. वर्षश्राद्ध जवळ आलं तसं दीनानाथांनी ठरवलं की श्राद्ध झालं की डबा सरोवराच्या पाण्यात सोडायचा. जिन्यात बसलेल्या ऊर्मीने ते ऐकलं. ती खाली आली आणि माझ्या पत्र्याला गाल लावून म्हणाली, "डोन्ट लेट देम टेक इट. आईच्या हातचं दुसरं काहीच नाहीये आता." मी काय करणार? मी गार राहण्यापलीकडे काय करू शकतो?

आणि तेवढंही माझ्या हातात राहिलं नाही. ऑगस्टच्या त्या गुरुवारी, चार वाजून गेल्यावर, सगळ्या ऑन्टॅरिओची वीज गेली. माझी घरघर थांबली. या घरी आल्यापासून पहिल्यांदा मी शांतता ऐकली. झाकण बंद असलं तर मी दोन दिवस गारवा धरून ठेवतो, म्हणून मला भीती नव्हती.

तेवढ्यात तो हात आला. या वेळी झाकण पूर्ण वर गेलं आणि तसंच उघडं राहिलं. माझ्या पोटातली थंडी धुरासारखी वर येऊन जमिनीवर सांडत राहिली, आणि मला ती अडवता येईना.

उन्मेष संध्याकाळी चालत घरी आला, सिग्नल बंद पडल्यामुळे बस मिळाली नव्हती. लुसी मेणबत्त्या घेऊन आली. सगळे खाली आले आणि थबकले.

"हे कोणी उघडं टाकलं?" उन्मेष ओरडला. "ऊर्मी, रोज उघडतेस ते ठीक आहे, पण आज?"

"मी कधीच नाही उघडत! यू डू!"

"मी? मी तर हिवाळ्यापासून हात लावला नाही. बाबा, तुम्ही?"

दीनानाथांनी नाही म्हणून मान हलवली. चौघंही डब्याकडे बघत राहिले. तो खालून सगळ्यात वर आला होता. त्यावर दंवाचे थेंब साचले होते, आणि थेंबांमध्ये चार बोटांचा माग अजून ओला होता. लुसीने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला.

म्हातारबुवांनी हात जोडले. बापाने लेकीला विचारावं तसं रिकाम्या अंधाराला विचारलं, "काय हवंय, पोरी?" मग स्वतःच म्हणाले, "कळलं. उन्मेष, काढ तो डबा. सुतक माणसाला असतं, देवाला नसतं. मी उगाच वर्षभर अडवून धरलं."

"नो! मग संपून जाईल!" ऊर्मीने डबा छातीशी धरला.

"विरघळतंय, बाळा. आता राहणार नाही ते. पाण्यात सोडण्यापेक्षा तुझ्या पोटात जाऊ दे."

तिने डबा दिला, पण त्याची एक कड सोडली नाही.

अंगणातल्या बार्बेक्यूवर पातेलं चढलं आणि मोदक वाफवले. उजेड उतरत आला होता. सगळ्या वस्तीत एकही दिवा नव्हता. दीनानाथांनी देवघरातला गणपती अंगणात आणून पाटावर बसवला, नैवेद्य दाखवला, डोळे मिटून नामाचा गजर केला. लुसीनेही टाळ्यांचा ठेका धरला. मग पहिला मोदक ऊर्मीच्या हातावर ठेवला.

तिने घास घेतला आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "आजोबा... इट्स सॉल्टी. लाइक, रिअली सॉल्टी!"

उन्मेषने चाखला आणि थुंकायला धावला. लुसीने जिभेवर कण ठेवला. "अग्गो बाय! माझा सुका बोंबील बरा की गो!"

क्षणभर सगळे हसले. दीनानाथसुद्धा. मग उन्मेष पायरीवर बसला.

"साखरेऐवजी मीठ घातलं तिने, वाटीभर. डोकं दुखतंय म्हणत होती, उभं राहवत नाही म्हणत होती. मी म्हटलं, गोळी घे. आणि चाखलंही नाही. एकदा चाखलं असतं तर तिला स्वतःलाच कळलं असतं, काहीतरी चुकतंय, डॉक्टरकडे जायला हवं."

तेव्हा मला उमगलं, मित्रांनो, तो गार हात कशासाठी येत होता: काहीतरी चुकलंय हे तिला कळलं होतं, आणि चाखून बघायचं तेवढं राहून गेलं होतं. घर सोडताना बाईच्या मनात काय काय अडकून राहतं, कोण सांगणार?

"आता काय करायचं? हे खाताच येत नाही," ऊर्मी रडत म्हणाली.

दीनानाथांनी आयुष्यात कधी चूल पाहिली नव्हती. त्यांनी एक मोदक उचलला, खालून अलगद उघडला आणि चमच्याने आतलं सारण काढून टाकलं. राहिलं ते पांढरं आवरण आणि त्यावरच्या कळ्या, रश्मीच्या चिमटीने काढलेल्या, एकेक तशीच.

"सारण चुकलं. कळ्या कुठं चुकल्या? सारण आपण भरू."

लुसी घरून नारळाचा कीस घेऊन आली. ऊर्मीने अंधारात चाचपून स्वयंपाकघरातला एक डबा आणला, त्यातलं पांढरं चमच्यात घेतलं आणि आजोबांकडे पाहत थांबली. दीनानाथ म्हणाले, "चाख. देवाचं असलं तरी चाख. आजपासून ह्या घरात आधी चाखायचं."

तिने चाखलं. "शुगर," ती म्हणाली, आणि भरायला बसली.

थोडे खारट, थोडे गोड मोदक ते अंधारात खात बसले. आभाळात कधी नव्हे इतक्या चांदण्या होत्या. ऊर्मीने शेवटचा मोदक तोंडात घातला आणि शेवटची कळी जिभेवर विरघळेपर्यंत डोळे मिटून घेतले. मोदकांचा डबा रिकामा झाला. या वेळी ती रडली नाही.

वीज आली, मी पुन्हा घरघरू लागलो. माझं झाकण पुढे कधी आपणहून उघडलं नाही. खरं सांगू? दुपार झाली की मी वाट पाहायचो.

आता दोन हजार अकरा साल आहे. माझं रबर फाटलं आहे, एका बाजूला गंज चढला आहे. उद्या मला न्यायला ट्रक येणार आहे. माझं काही मागणं नाही, माझं सोनं झालं. एवढंच करा: ताट पुढे आलं की जिने रांधलं तिला विचारा, तू चाखलंस का, तुला बरं आहे ना? आणि पहिला घास घेताना आमच्या रश्मीची आठवण काढा.